उन्हाळी वाचन उपक्रम: मे महिन्यात मुलं गावाला आणि पुस्तकं कपाटात. काय करावं?

देवघेव_कळवा

नमस्कार मंडळी. कळव्यातल्या एका छोट्या शासनमान्य वाचनालयात मी अर्धवेळ ग्रंथपाल आहे. 'क' वर्ग, दोन खोल्या, तीन पंखे. त्यातला एक फिरतो, पण वारा देत नाही. सकाळी आठ ते दहा आणि संध्याकाळी पाच ते आठ उघडं असतं. बालविभाग म्हणजे दोन लोखंडी कपाटं आणि त्यात साधारण ६०० पुस्तकं. यंदा सुट्टीत मुलांसाठी वाचनाचं काहीतरी करायचं आहे, पण गेल्या वर्षी केलं तसलं अजिबात नको. म्हणून आधी गेल्या वर्षीची कथा ऐका.

कार्यकारिणीने ठरवलं, 'उन्हाळी वाचन स्पर्धा'. १ मे ते ३१ मे. जो जास्तीत जास्त पुस्तकं वाचेल त्याला पहिलं बक्षीस. फ्लेक्स लागला. त्यावर पुस्तकाचं चित्र एक आणि पदाधिकाऱ्यांचे फोटो नऊ. नावं आली ४३. मला वाटलं, जमलं. १० तारखेला हजेरीवर ११ मुलं उरली. बाकीची कुठे? कुणी सावंतवाडी, कुणी चिपळूण, कुणी साताऱ्याकडे. मे महिन्यात ठाण्यातली मुलं ठाण्यात नसतात हे मला, जन्म कळव्यात काढलेल्या बाईला, फ्लेक्स छापायच्या आधी सुचू नये!

उरलेल्या अकरांत चुरस लागली. तिसरीतला एक मुलगा सकाळी पुस्तक न्यायचा आणि संध्याकाळी आणून द्यायचा. पुढे पुढे तर सकाळीच नेऊन सकाळीच. कपाटातली १६ पानी पुस्तकं त्याने हेरून ठेवली होती. महिनाअखेरीला आकडा ६१. बक्षीस समारंभात पाहुण्यांनी कौतुकाने विचारलं, "बाळा, सगळ्यात कुठलं पुस्तक आवडलं?" तो म्हणाला, "पातळ होतं ते." सभागृह हसलं. मी मात्र ग्लानी आल्यासारखी रजिस्टरकडे बघत बसले, कारण ६१ च्या ६१ नोंदी माझ्याच हातच्या होत्या.

त्याच महिन्यात एक मुलगी रोज यायची. तेव्हा पाचवीत होती. आई चार घरची कामं करते, त्यात आमच्या समोरच्या बिल्डिंगमधली दोन घरं. आई कामावर गेली की ही आत येऊन बसायची. पेपर वाचणाऱ्या आजोबांच्या टेबलाचा कोपरा धरून २२ दिवसांत तिने एक जाडजूड पुस्तक संपवलं. घरी न्यायला सभासदत्व लागतं, त्याला अनामत २०० रुपये, म्हणून घरी नेलं नाही. संध्याकाळी जाताना पुस्तक परत कपाटात ठेवायची, आणि दुसऱ्या दिवशी आपलं पान शोधण्यात तिची पाच-सात मिनिटं जायची. एकदा मध्येच ते पुस्तक दुसऱ्या सभासदाला गेलं, तर आठ दिवस नुसती दारात येऊन विचारून जायची. देवघेवीच्या नोंदीत ती नव्हतीच, त्यामुळे स्पर्धेतही नव्हती. सांगायचं तर, आमच्या वाचनालयात गेल्या मे महिन्यात खरोखर वाचलं ते त्या एका पोरीने.

आमच्या अध्यक्षांच्या प्रत्येक भाषणात एक वाक्य असतं की ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून उभं आहे, आपल्याला मोठी परंपरा आहे. आहेच. पण परंपरेच्या कपाटाची किल्ली माझ्या कमरेला असते आणि पाचवीतल्या पोरीला ती मागायला संकोच वाटतो, हेही खरं.

तर यंदाची स्थिती अशी. पैसे ९,००० रुपये. त्यातले ५,००० संस्थेचे, ४,००० एका सभासदाने वडिलांच्या स्मरणार्थ दिलेले. माणसं म्हणजे मी आणि दोन कॉलेजच्या मुली, त्याही पेपर संपल्यावर. वार्षिक परीक्षा आता एप्रिल संपेपर्यंत चालतात, शाळा जूनच्या मध्याला उघडतात. मधल्या सहा आठवड्यांत अर्धी मुलं गावाला. जी राहतात त्यातली बरीच इंग्रजी माध्यमाची. मराठी फडाफडा बोलतात, पण वाचायला दिलं की पहिल्याच जोडाक्षराला ठेच.

मला हे विचारायचंय: उपक्रम नक्की कधी घ्यायचा? पुस्तकं मोजायची नाहीत तर मोजायचं काय, का मोजायचंच नाही? (कार्यकारिणीला अहवालात आकडा लागतो, त्यातून सुटका नाही.) अनामत न भरणाऱ्या मुलांना पुस्तक घरी कसं द्यायचं? कार्यवाहांचं म्हणणं, "हरवलं तर सरकारी तपासणीला उत्तर तुम्ही द्याल?" आणि जोडाक्षरांचं काय?

चित्रकला, कागदकाम, 'व्यक्तिमत्त्व विकास' वगैरे कृपया सुचवू नका. ते सगळं कोपऱ्याकोपऱ्यावर आहे.

---

सेक्टर_आठ_ऐरोली

ताई, पातळ पुस्तकवाला मुलगा पुढे मोठा होऊन टेंडर भरणार, लिहून ठेवा.

आमच्या सोसायटीत चार वर्षं छोटं वाचनालय चालवतोय. एकच गोष्ट सांगतो, कारण आमच्याकडे तिनेच फरक पडला. तुमच्या बालविभागातल्या पुस्तकांना खाकी कव्हरं आहेत का? असणारच. आमच्याकडे एका बंद पडलेल्या वाचनालयाची २०० पुस्तकं आली, सगळ्यांना खाकी कागद, पाठीवर शाईने दाखल क्रमांक. कपाट उघडं ठेवलं तरी मुलं येऊन नुसती उभी राहायची. आम्ही म्हणायचो, हल्लीच्या पोरांना आवडच नाही. मग एका सातवीतल्या मुलीने सरळ विचारलं, "काका, ही सगळी वह्या आहेत का?"

एका रविवारी बसून सगळी खाकी कव्हरं फाडली, पारदर्शक प्लास्टिक घातलं. खिडकीच्या गजांना आडव्या चार सुतळ्या बांधल्या आणि कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी ३०-३५ पुस्तकं चित्र समोर येईल अशी लटकवली. जड पुस्तकं चिमट्याला पेलत नाहीत, ती टेबलावर उभी करा. दर शनिवारी वाळत घातलेली बदलायची. पोरं आता येतानाच "आज काय वाळत घातलंय?" विचारतात. खर्च आला फक्त प्लास्टिकच्या रोलचा आणि चिमट्यांचा.

इंग्रजी माध्यमाबद्दल इथे जाणकार बोलतीलच. माझा अनुभव इतकाच की मोठ्या अक्षरातलं, कमी मजकुराचं पुस्तक सहावीच्या मुलाला दिलं तर तो लाजतो. "हे बाळांचं आहे" म्हणतो. त्याला तेच पुस्तक 'धाकट्या बहिणीला वाचून दाखव' म्हणून द्यायचं. मान राखला जातो आणि वाचनही होतं.

---

चौथामजला

मी जरा उलटं बोलतो. मे महिन्यात तरी पोरांना सोडा की. वर्षभर शाळा, क्लास, पुन्हा शाळा. आम्ही पारसिकच्या डोंगरावर करवंदं खात हिंडलो, कुणी उपक्रम घेतला नाही आमचा. शिवाय मी एका वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर राहतो. उपक्रम म्हटला की जिन्यात वीस सायकली आणि गेटला कुणाचा तरी पाय अडकलेला.

---

देवघेव_कळवा

@चौथामजला, करवंदं खाऊ नका असं कुणीच म्हणत नाहीये. पण दुपारी बारा ते चार उन्हात डोंगरावर कोण पोरं दिसतात हो आता? पंख्याखाली मोबाईल घेऊन पडलेली असतात. सायकलींचं मात्र पटलं. आमचा जिना त्याहून अरुंद आहे, लक्षात ठेवते.

@सेक्टर_आठ_ऐरोली, तुमचं वाचून आज सकाळी कपाट उघडून नीट पाहिलं. ६०० पैकी चारशेच्या वर खाकी आहेत. त्यातली निम्मी मीच चढवलेली. किती नीटनेटकं दिसतं म्हणून मला शाबासकीही मिळाली होती.

---

निवृत्तबाई_वर्तकनगर

मी ३१ वर्षं प्राथमिकला शिकवलं, आता नातवंडांना सांभाळते. जोडाक्षरांचं मी सांगते.

मराठी बोलणारं मूल जोडाक्षराला अडखळतं तेव्हा त्याला शब्द माहीत नसतो असं नाही. डोळ्याला अक्षराची जागा कळत नसते. सगळ्यात मोठा चोर रफार. तो लिहायचा पुढच्या अक्षराच्या डोक्यावर आणि उच्चारायचा त्याच्या आधी. म्हणून मुलं 'सूर्य'ला 'सूयर' वाचतात, 'पर्वत'चं 'पवरत' करतात. त्यांना चुकलास म्हणून थांबवलंत की पुस्तक मिटलंच समजा. आपण सोबत वाचायचं. मोठ्याने, सावकाश, ओळीखालून बोट फिरवत. मुलाने आपल्या आवाजाच्या सावलीत वाचायचं. तो रफाराला अडला तर आपला आवाज पुढे गेलेला असतो, तो 'सूर्य' ऐकतो आणि पकडतो. दोनतीन पानांनी आपला आवाज बारीक करायचा. काही मुलांना हे आठवड्यात जमतं, काहींना महिना लागतो. त्याला घाई नाही.

त्यासाठी पैसे नकोत, माणसं हवीत. आणि माणसं तुमच्या पेपरच्या टेबलावर रोज बसलेली आहेत! त्या आजोबांना विचारा. पेपर वाचून झाला की पंधरा मिनिटं एका मुलाजवळ बसाल का म्हणून. चौघांना विचारलंत तर दोघे हो म्हणतील. फक्त सक्त ताकीद द्या की उच्चार सुधारायचे नाहीत आणि 'आमच्या वेळी' हा शब्द काढायचा नाही.

दुसरं, दिवसाला वीस मिनिटं मोठ्याने वाचून दाखवणं ठेवाच. गोष्ट ऐन रंगात आली की पुस्तक मिटायचं. त्या पुस्तकाच्या आणखी एकदोन प्रती मिळाल्या तर टेबलावर सहज ठेवून द्यायच्या. मी वर्गात हेच करायचे. मधल्या सुट्टीत माझ्या टेबलाभोवती घोळका असायचा, आणि मुख्याध्यापकांना वाटायचं मी खाऊ वाटते.

तुमच्या त्या मुलीबद्दल वाचून जीव गलबलला. तिचं पान हरवतं ना? तिला नाव घातलेली पुठ्ठ्याची पट्टी करून द्या आधी. बाकीचा उपक्रम नंतर.

---

ठाणेकर_सध्या_लेस्टर

मूळचा नौपाड्याचा. इथे इंग्लंडमध्ये वाचनालयांत 'समर रीडिंग चॅलेंज' असतं, १९९९ पासून देशभर चालतं. माझी लेक दोनदा त्यात होती, म्हणून आतून पाहिलंय. चार ते अकरा वर्षांच्या मुलांसाठी आहे, फुकट. सुट्टीत वाचनालयातून कुठलीही सहा पुस्तकं घेऊन वाचायची. सहाच. सोळा वाचली म्हणून जास्त काही नाही. दोनतीन पुस्तकं झाली की वाचनालयात जाऊन स्टिकर घ्यायचे, सहा झाली की प्रमाणपत्र नि मेडल, आणि ते सहा करणाऱ्या सगळ्यांना. पहिला-दुसरा नंबर हा प्रकारच नाही.

'कुठलीही' म्हणजे अगदी कुठलीही. विनोदाचं, माहितीचं, चित्रकथा, ऐकायची पुस्तकंसुद्धा चालतात. स्टिकर घ्यायला गेलं की काउंटरवरच्या बाई दोन प्रश्न विचारायच्या, पण परीक्षेसारखे नाही. "ह्यातला कुत्रा तुला चावेल असं वाटतं का?" अशा थाटात. माझी मुलगी एका पुस्तकाबद्दल "बोअर होतं, अर्ध्यात सोडलं" म्हणाली, तर बाई म्हणाल्या, मग दुसरं घे, ते मोजू. मला तिथेच बसून रडू यायचं बाकी होतं. आमच्या लहानपणी अर्धवट सोडलेलं पुस्तक परत करताना चोरी केल्यासारखं वाटायचं.

तुमच्या अहवालाचा प्रश्नही यात सुटतो. 'इतक्या मुलांनी सहाचा टप्पा गाठला' हा आकडाच आहे की.

---

मानसशास्त्रवाली_कोपरी

बक्षिसाबद्दल थोडं. कॉलेजला शिकवते, त्यामुळे हा प्रयोग दरवर्षी सांगावाच लागतो. १९७३ साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी अमेरिकेत बालवाडीतल्या मुलांवर केलेला. ज्या मुलांना स्केचपेनने चित्रं काढायला आपणहून आवडायचं अशीच मुलं निवडली. काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलंत तर सोनेरी चांदणी आणि रिबीन लावलेलं प्रमाणपत्र मिळेल. काहींना तेच प्रमाणपत्र न सांगता, नंतर दिलं. काहींना काहीच नाही. पुढे काही दिवसांनी वर्गात स्केचपेनं नुसती ठेवून दिली. आधी कबूल करून बक्षीस दिलेली मुलं बाकीच्यांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रं काढत बसली. अवचित बक्षीस मिळालेल्यांची गोडी मात्र कमी झाली नव्हती.

यावरून लगेच 'बक्षीस वाईट' असं करू नका, लोक तसंच करतात. प्रयोगातल्या मुलांना गोडी आधीपासून होती. ज्याला अजून गोडीच नाही त्याच्याबद्दल हा प्रयोग काही सांगत नाही, आणि अशा मुलाला दारापर्यंत आणायला एखादा स्टिकर उपयोगी पडूही शकतो. पण फ्लेक्सवर बक्षीस छापू नका. द्यायचंच तर जूनमध्ये, न सांगता, आणि पुस्तकच द्या. तुमच्या ६१ वाल्याने बेइमानी केली असं मला वाटत नाही. तुम्ही आकडा मागितलात, त्याने आकडा आणून दिला.

---

घणसोली_खजिनदार

एका वाचनालयाचे हिशोब बघतो, म्हणून अनामतीच्या आणि तपासणीच्या प्रश्नावर लिहितो. तुमचे कार्यवाह चुकीचे नाहीत. दाखल नोंदवहीत, म्हणजे वाचनालयाच्या मालकीच्या पुस्तकांच्या रजिस्टरमध्ये, चढलेलं पुस्तक हरवलं की ठराव करा, बाद नोंद करा, तपासणीत विचारणा. त्यापेक्षा सरळ मार्ग असा की जी पुस्तकं मुलांना मोकळी द्यायची ती दाखल नोंदवहीत चढवूच नका.

सभासद रद्दीत घालायच्या आधी जी पुस्तकं आणून देतात त्यातून बालपुस्तकं वेगळी काढा. त्यांच्यावर वाचनालयाचा शिक्का मारा, क्रमांक देऊ नका. एका साध्या वहीत नावापुरती यादी ठेवा. ही झाली मोकळी पेटी. त्यातलं गेलं तर गेलं.

पेटी भरायला दोन जागा. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतंय, सभासदांच्या माळ्यावर जुने अंक हमखास असतात. शिवाय त्याचे जुने अंक संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. दुसरी जागा प्रथम बुक्सचं 'स्टोरीवीव्हर' हे मुलांच्या गोष्टींचं संकेतस्थळ. तिथल्या गोष्टी मुक्त परवान्याच्या आहेत, छापून वाटायला परवानगी मागावी लागत नाही. मराठीत भरपूर आहेत आणि चार पायऱ्या लावलेल्या आहेत. पहिलीत अगदी थोडा मजकूर, चौथीत मोठी गोष्ट. आमच्याकडे काळ्यापांढऱ्यात छापून मधोमध दोन पिना मारतो. मुलं मग चित्रं रंगवतात, तेही चालतं, कारण पुस्तक त्यांचंच.

४,००० स्मरणार्थ आलेत त्यातून या छपाईसाठी एक रक्कम बाजूला काढा आणि ठरावात स्पष्ट लिहा की हे साहित्य परत येणं अपेक्षित नाही. 'परत येणं अपेक्षित नाही' हे शब्द ठरावात असले की पुढचे सगळे वाद मिटतात.

---

देवघेव_कळवा

वा! तीन दिवसांत मला एवढं मिळालं की कार्यकारिणीपुढे कागद घेऊन जाता आलं. काल सभा झाली. कोण काय म्हणालं ते सांगते, कारण तुम्ही सगळ्यांनी मिळून ते घडवलंत.

तारखा. मे महिन्यावर पाणी सोडलं. मुलं गावाला जाणारच, तर पुस्तकांनाच गावाला पाठवायचं. नावनोंदणी २० एप्रिलपासून, आणि नोंदवताना पहिला प्रश्न 'गावाला कधी जाणार?' रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी सुटतं, त्यामुळे एप्रिलमध्ये बहुतेक घरांत तारीख पक्की असते. जायच्या आदल्या संध्याकाळी मुलाने यायचं आणि पिशवी न्यायची. पिशवीत चार गोष्टी: मोकळ्या पेटीतली दोन पुस्तकं, 'किशोर'चा एक जुना अंक, आणि छापलेल्या पिनांच्या गोष्टींतली एक. गावाला न जाणाऱ्यांसाठी खोलीत रोज सकाळी आठ ते दहा बसणं, त्यात वीस मिनिटं मोठ्याने वाचन. ऊन चढायच्या आत घरी. मग ५ जूनपासून शाळा उघडेपर्यंत सगळे एकत्र, आपापल्या पिशव्या घेऊन.

आकडा. सहाच. पण मी त्यात थोडी ढवळाढवळ केली. पिशवीतली चार आणि वाचनालयातली दोन मिळून सहा, आणि १०० पानांवरचं पुस्तक असेल तर ते एकटं तीनाच्या बरोबर. लेस्टरचे दादा नाक मुरडतील, पण त्या जाड पुस्तकवाल्या मुलीसाठी एवढं करणं भाग होतं. अर्धवट सोडलेलं चालेल हेही लिहून घेतलं. त्यावर एक सदस्य दहा मिनिटं बोलले. मी मध्ये बोलले नाही, चहा येईपर्यंत थांबले.

बक्षीस फ्लेक्सवर नाही. खरं तर फ्लेक्सच नाही. हे मंजूर व्हायला सगळ्यात जास्त वेळ लागला.

पुरावा काय, असा प्रश्न आलाच. मूल गावाला खरंच वाचतं की पिशवी खुंटीला लटकते, कसं कळणार? मी म्हटलं, पोस्टकार्ड. पन्नास पैशांचं. पिशवीत एक घालायचं, त्यावर पत्त्याच्या जागी आमचा रबरी शिक्का आधीच मारलेला. मुलाने गावाहून काहीही लिहून टाकायचं. पुस्तकाबद्दलच असं नाही. आंब्याबद्दल लिहिलं तरी चालेल. अध्यक्षांना हे फार आवडलं. "पन्नास पैशात आपलं नाव सावंतवाडीपर्यंत!" म्हणाले. कारण काही का असेना.

आजोबांना विचारलं. पाचपैकी तीन तयार झाले, निवृत्तबाई, तुमच्या अंदाजाहून एक जास्तच. एकांना 'आमच्या वेळी' बंद म्हटल्यावर जरा राग आला, पण दुसऱ्या दिवशी स्वतःच विचारत आले, "माझा मुलगा कोणता?" म्हणजे त्यांच्या वाट्याचा.

खाकी कव्हरं काढायला कॉलेजच्या मुली येणार आहेत पेपर झाले की. मी परवा बसल्या बसल्या दहा काढली. एकाच्या आत वाघाचं चित्र निघालं. सात वर्षं ते पुस्तक मी देतेय-घेतेय, त्यावर वाघ आहे हे मला माहीत नव्हतं.

आणि ती मुलगी. शनिवारी आली होती. तिला पट्टी दिली, निळ्या पुठ्ठ्याची, वर नाव. सांगितलं, ही पट्टी पुस्तकात असेल तोवर ते पुस्तक टेबलाच्या ड्रॉवरमध्ये राहील, कपाटात जाणार नाही आणि दुसऱ्या कुणाला जाणार नाही. तिने पट्टी उलटसुलट करून बघितली आणि विचारलं, "दोन पुस्तकं चालू असली तर?" दुसरी पट्टी कापून दिली. हिरवी.

उरला एक प्रश्न. कार्यवाहांनी शेवटी हात वर केला आणि विचारलं, "कोकणातून परत आलेल्या पुस्तकांना फणसाचा चीक लागलेला असेल, त्याचं काय करणार?" सगळे माझ्याकडे बघायला लागले. पुस्तकं परत यायची अपेक्षा नाही हे ठरावात आहे, पण मला माहीत आहे, ती येतील, आणि चीक घेऊनच येतील. कुणाला उपाय माहीत आहे का? शिवाय पिशव्या हव्यात. जुन्या साड्यांच्या, पडद्यांच्या, कसल्याही. ५० लागतील. कळवा किंवा खारेगावात कुणाकडे असतील तर संध्याकाळी पाचनंतर आणून द्या.

---

सेक्टर_आठ_ऐरोली

पिशव्या २० माझ्याकडून. सोसायटीत एक काकू पडद्यांच्या शिवतात. रविवारी पोचवतो.

---

चौथामजला

सायकली जिन्यात लावणार नसाल तर माझ्याकडेही 'किशोर'चे १५-२० अंक आहेत, ऐंशीच्या दशकातले. काहींना वाळवी लागलीय. चालतील का?

---

देवघेव_कळवा

@चौथामजला, वाळवी लागलेले वेगळ्या पिशवीत, गाठ मारून आणा. बाकीचे आनंदाने.

---

निवृत्तबाई_वर्तकनगर

चिकाला खोबरेल तेल. पण कागदावर नाही हो, हाताला. फणस फोडायच्या आधी लावायचं, खाऊन झाला की साबणाने हात धुवायचे, आणि मगच पुस्तक धरायचं. पिशवीत एक चिठ्ठी लिहून टाका तशी. मुलं नाही वाचणार, पण आज्या वाचतील.